माल जर्मनीतून निघाला म्हणून जर्मन होत नाही: जर्मनीतून स्वित्झर्लंडला माल पाठवण्याची वाट

जर्मनीतल्या वाइल आम राइन या गावातून ८ नंबरची ट्राम धरली की बसल्या जागेवरून बाझल शहर येतं. देश बदललेला असतो, पण पासपोर्ट बहुधा कोणी विचारत नाही, कारण स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट-तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटात आहे. त्याच ट्राममध्ये तुमच्या पिशवीत विक्रीसाठी नेलेल्या दहा समया असतील तर मात्र गोष्ट वेगळी. माणसाची सीमा पुसली गेली, मालाची राहिली. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रातही नाही. १९७२ साली झालेला आणि १ जानेवारी १९७३ पासून लागू असलेला एक मुक्त व्यापार करार आहे. तो शुल्क कमी करतो, कागद कमी करत नाही.

हा लेख दक्षिण जर्मनीत छोटा धंदा करणाऱ्या, झ्युरिक-बाझलकडून ऑर्डर येऊ लागलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. डोळ्यांसमोर एकच पॅलेट ठेवू: पितळी समया, अगरबत्ती, सोलापुरी चादरी, सांगलीची हळद आणि आमरसाचे डबे. सगळा माल भारतातून हँबुर्गला आला, तिथे युरोपीय शुल्क आणि कर भरून सुटला आणि आता तुमच्या गोदामात आहे. गिऱ्हाईक झ्युरिकचं एक दुकान.

आधी दोन नंबर

जर्मन बाजूला तुमच्याकडे ईओरी नंबर, म्हणजे कस्टम्सकडचा ओळख क्रमांक हवा. जर्मन कस्टम्सकडून तो फुकट मिळतो, सुरुवातीला डीई ही अक्षरं असतात आणि युरोपीय संघातल्या कुठल्याही कस्टम्स कचेरीत तोच चालतो. भारतातून माल सोडवताना तुम्ही तो घेतला असेलच. स्विस बाजूला दुकानाचा यूआयडी नंबर, म्हणजे धंद्याचा स्विस ओळख क्रमांक लागतो, सीएचई आणि पुढे नऊ आकडे. ऑर्डर पक्की करतानाच तो मागून घ्या. माल सीमेवर उभा असताना दुकानदाराला फोन करून नंबर विचारावा लागतो, तेव्हा दुकानदार नेमका जेवायला गेलेला असतो.

कोड: चादर पांघरायची की अंथरायची

कस्टम्ससाठी मालाची वर्गवारी ज्याने होते त्या एचएस कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, त्यापुढचे ज्या त्या देशाचे. जर्मन निर्यातीच्या कागदावर आठ आकडी कोड लागतो आणि स्विस आयातीलाही आठ आकडीच, पण शेवटचे दोन जुळतील याचा भरवसा नाही. भारतीय शिपिंग बिलावरचा आठ आकडी कोड तर दोन्हीकडे निरुपयोगी. स्विस कोड आणि दर टारेस नावाच्या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

हळद सोपी आहे, ०९१०.३०. अगरबत्तीची गंमत अशी की जगाच्या या कोडपुस्तकात ३३०७.४१ खाली ‘अगरबत्ती’ हा शब्द जसाच्या तसा छापलेला आहे. बाकीचं जग आपल्या देवघराला एवढ्यापुरतं तरी शरण आलं. समई म्हणजे विजेवर न चालणारा दिवा, तेव्हा ९४०५.५०, पितळेची शोभेची वस्तू म्हणून ८३०६ मध्ये घालायचा मोह होतो, पण तिथे मूर्ती जातात, दिवे नाहीत. आमरसाच्या डब्यात साखर आहे का, तो नुसता गाळलेला आहे की शिजवून आटवलेला, यावर तो २००८ मध्ये जाईल की २००७ मध्ये हे ठरतं, म्हणून डब्यावरची घटकांची यादी समोर ठेवा.

सोलापुरी चादरीने मला सगळ्यात जास्त दमवलं. पांघरूण म्हटलं तर ६३०१, पलंगावर घालायची चादर म्हटलं तर ६३०२, शोभेचा पलंगपोस म्हटलं तर ६३०४. आपल्या घरात तीच चादर हिवाळ्यात अंगावर, उन्हाळ्यात गादीवर आणि पाहुणे आले की दिवाणावर असते, हे कस्टम्सच्या माणसाला सांगून उपयोग नाही. कापड, विण आणि मुख्य उपयोग पाहून एक कोड ठरवा, का ठरवला ते दोन ओळींत लिहून फाइलमध्ये ठेवा आणि पुढे प्रत्येक खेपेला तोच वापरा. दर वेळी वेगळा कोड टाकणाऱ्याकडे लक्ष आधी जातं.

इन्व्हॉइस

माझी पहिली खेप मी शुक्रवारी दुपारी रवाना केली होती. इन्व्हॉइसवर एकच ओळ होती: ‘भारतीय भेटवस्तू, ४ खोके’. मला वाटलं सुटसुटीत आहे. स्विस बाजूला विचारणा झाली की भेटवस्तू म्हणजे धातू, कापड की खाद्यपदार्थ? उत्तर तयार करेपर्यंत व्यापारी मालाची खिडकी बंद झाली आणि व्हॅन सोमवारपर्यंत सीमेवर राहिली. थांबल्याचे पैसे अर्थात मीच भरले.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूची स्वतंत्र ओळ: काय आहे, कशाचं आहे, नग किती, निव्वळ वजन, एकूण वजन, किंमत, चलन, कोड आणि मूळ देश. ‘समई, पितळ, विजेविना, १२ नग’ असं. दोन्ही बाजूंचे ईओरी आणि यूआयडी नंबर वरच्या कोपऱ्यात. भाषा जर्मन किंवा इंग्रजी. जर्मन व्हॅट लावायचा नाही, कारण संघाबाहेरची निर्यात करमुक्त असते. तसं एका वाक्यात इन्व्हॉइसवर लिहा. ही करमुक्ती पुराव्यावर टिकते, त्याबद्दल पुढे येईलच.

खाण्याचे पदार्थ आणि बाकी माल यांची बेरीज वेगवेगळी दाखवा. स्वित्झर्लंडचा व्हॅट १ जानेवारी २०२४ पासून ८.१ टक्के आहे, पण खाद्यपदार्थांवर तो २.६ टक्केच. सगळं एका रकमेत दिलंत तर घाईतला कस्टम्स एजंट वरच्या दराने लावून मोकळा होतो.

हिशेब करून पाहा. समया, अगरबत्ती आणि चादरी मिळून ३,००० फ्रँक, हळद आणि आमरस १,००० फ्रँक, झ्युरिकपर्यंतचं भाडं २०० फ्रँक. स्विस आयात व्हॅट नुसत्या मालाच्या किमतीवर नसतो, शेवटच्या ठिकाणापर्यंतच्या भाड्यासकट असतो. भाडं किमतीच्या प्रमाणात वाटलं तर ३,१५० चे ८.१ टक्के म्हणजे २५५.१५ आणि १,०५० चे २.६ टक्के म्हणजे २७.३०, एकूण २८२.४५ फ्रँक. सगळ्यावर ८.१ लागला असता तर ३४०.२०. फरक ५७.७५ फ्रँकचा. खाद्यपदार्थांवर शुल्क लागलं किंवा एजंटची फी आली की तीही कर लागणाऱ्या रकमेत मिळवतात, ते इथे सोडून दिलं आहे.

मूळ देश: इथेच सगळे घसरतात

जर्मन ट्रान्सपोर्टर किंवा एखादा अनुभवी मित्र तुम्हाला सांगेल की इन्व्हॉइसखाली ती ठरावीक ओळ टाक, शुल्क माफ होतं. ती ओळ म्हणजे मूळ-घोषणा: हा माल युरोपीय संघाच्या मुळाचा आहे, असं तुमचं लेखी म्हणणं. ६,००० युरोपर्यंतच्या खेपेवर ती कुठलाही निर्यातदार स्वतः लिहू शकतो. त्यावरच्या रकमेला कस्टम्सने शिक्का मारलेलं ईयूआर-१ प्रमाणपत्र लागतं, नाहीतर तुम्ही आधी मान्यताप्राप्त निर्यातदार झालेले असावे लागता.

आपल्या पॅलेटवरची एकही वस्तू त्या ओळीत बसत नाही. हँबुर्गला शुल्क भरल्यामुळे माल युरोपीय बाजारात मोकळा फिरू शकतो, एवढंच झालं. त्याचं मूळ बदललं नाही. सांगलीची हळद जर्मनीत आणून, चाळून, शंभर ग्रॅमच्या पुड्यांत भरली तरी ती भारताचीच. मूळ बदलायला करारात त्या त्या वस्तूसाठी ठरवून दिलेली खरी प्रक्रिया व्हावी लागते. पुड्या बांधणं, लेबल लावणं, एकत्र करणं यांची त्यात गणती नाही. खोटी घोषणा त्या दिवशी सहसा पकडली जात नाही. नंतर केव्हातरी स्विस कस्टम्स जर्मन कस्टम्सला पत्र लिहून तपासणी मागते, जर्मन कस्टम्स तुमच्याकडे पुरावा मागते, आणि तुमच्याकडे असतं ते न्हावा शेवाचं शिपिंग बिल.

यातला विनोद असा की निम्म्या मालासाठी त्या ओळीची गरजच उरलेली नाही. १ जानेवारी २०२४ पासून स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरचं आयातशुल्क एकतर्फी काढून टाकलं, मूळ कुठलंही असो. समया, अगरबत्ती, चादरी शून्यावर आत जातात. खरं मूळ लिहून शून्य मिळत असताना खोटं मूळ लिहून गुन्हा ओढवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. सवय, दुसरं काय. (दुकानदार तो माल वापरून काही बनवून परत युरोपीय संघात सवलतीने विकणार असेल तर तो तुमच्याकडे मुळाचा पुरावा मागेल. समयांच्या बाबतीत हे व्हायचं नाही.)

शेतमाल आणि खाद्यपदार्थ यांच्यावर मात्र शुल्क आहे, आणि त्याची पद्धत आपल्याला विचित्र वाटते: टक्केवारीने नव्हे, वजनाने, शंभर किलोमागे इतके फ्रँक, आणि तेही वेष्टनासकट एकूण वजनावर. लोणचं काचेच्या बरणीत पाठवलंत तर बरणीच्या वजनावरही शुल्क. आमरसाला पत्र्याचा डबा, लोणच्याला पाउच, हे गणित म्हणूनच. लोणी-तुपाच्या फंदात छोट्या माणसाने पडू नये. स्वित्झर्लंड आपल्या गवळ्यांना जपतं आणि तिथला दर बघून हात आपोआप मागे येतो.

एक पाऊल मागे: माल जर्मनीत सोडवायचाच कशाला

पॅलेट हँबुर्गला सुटल्यानंतरची गोष्ट आपण बोलत आहोत, पण वरचं वाचून हुशार वाचकाच्या डोक्यात प्रश्न आला असेल. युरोपीय संघाचं शुल्क भरलं, मग तोच माल संघाबाहेर गेला. ते शुल्क परत मिळतं का? या वाटेने नाही. म्हणजे स्विस गिऱ्हाइकासाठीच्या मालावर तुम्ही फुकट युरोपीय शुल्क भरलंत.

स्वित्झर्लंडचा वाटा आधीच ठाऊक असेल तर त्या भागाला हँबुर्गला सोडवू नका. टी-वन नावाच्या ट्रान्झिट कागदावर तो बंद अवस्थेत थेट स्विस कस्टम्सपर्यंत जाऊ शकतो. स्वित्झर्लंड त्या सामाईक ट्रान्झिट व्यवस्थेचा भाग आहे. त्यासाठी हमीची रक्कम लागते, म्हणून हे बहुधा एजंटच्या हमीवर होतं. दुसरा रस्ता म्हणजे जर्मनीतल्या कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात ठेवणं आणि ऑर्डर येईल तसं तिथूनच बाहेर काढणं.

याला आता आणखी एक कारण आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह एफ्टा या युरोपीय संघाबाहेरच्या व्यापारगटाचे चार देश यांचा व्यापार करार १० मार्च २०२४ रोजी झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. भारतीय मुळाची सवलत घ्यायची तर माल वाटेत कस्टम्सच्या नजरेखालीच राहिला पाहिजे. जर्मनीत सोडवलेली हळद ती सवलत गमावते, टी-वनवर गेलेली हळद ती मागू शकते, भारतातून मुळाचा कागद सोबत असला तर. वर्षाला दोन पॅलेट जाणार असतील तर हा खटाटोप परवडत नाही. वर्षाला वीस जाणार असतील तर एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा.

खर्च कोणाचा ते आधी लिहा

खर्च आणि जबाबदारी कोणाची हे ठरवणाऱ्या विक्रीच्या अटींना तीन अक्षरी नावं असतात. छोट्या दुकानदाराशी व्यवहारात डीएपी सोयीचं: तुम्ही दारापर्यंत पोचवता, स्विस व्हॅट आणि क्लिअरन्स त्याचा. तो नोंदणीकृत असेल तर व्हॅट त्याला परत मिळतो, पण एका अटीवर: आयात-निर्णयाच्या कागदावर आयातदार म्हणून त्याचंच नाव हवं. दुसऱ्याचं नाव पडलं तर परतावा अडकतो. स्विस कस्टम्स तो निर्णय इलेक्ट्रॉनिक देते. दुकानदाराला तो डाउनलोड करून ठेवायला सांगा.

डीडीपी म्हणजे सगळं तुमच्या अंगावर, आणि तिथे नोंदणी नसेल तर भरलेला स्विस व्हॅट गेला समजा. ‘कारखान्याच्या दारात’ म्हणजे ईएक्सडब्ल्यू वरकरणी सगळ्यात स्वस्त दिसतं, पण निर्यातीचा कागद करायचा स्विस माणसाने आणि निर्यातदार तर युरोपीय संघात बसलेला हवा. शिवाय माल खरंच बाहेर गेला याचा पुरावा त्याच्या मर्जीवर. त्यापेक्षा एफसीए घ्या, म्हणजे माल ट्रान्सपोर्टरच्या हवाली करेपर्यंतचं तुमच्याकडे. निर्यात तुमच्या हातात राहते.

घरगुती गिऱ्हाइकांना पार्सल पाठवत असाल तर वेगळं गणित आहे. ज्या पार्सलवरचा कर ५ फ्रँकपर्यंतच भरतो, म्हणजे ८.१ टक्क्यांच्या मालाचं साधारण ६२ फ्रँकचं, त्याच्यावर स्वित्झर्लंड आयात व्हॅट घेत नाही. मात्र अशा लहान पार्सलांची तुमची उलाढाल वर्षाला १,००,००० फ्रँकवर गेली की तिथे नोंदणी आणि स्थानिक कर-प्रतिनिधी लागतो. त्याहून मोठ्या पार्सलवर गिऱ्हाइकाला व्हॅटबरोबर कुरिअरची क्लिअरन्स फीही येते. ती कधी कधी व्हॅटहून मोठी असते, आणि शिव्या तुम्हाला बसतात. ऑर्डरच्या पानावर आधीच लिहून टाका.

जर्मन बाजूचा कागद

१,००० युरो आणि १,००० किलो, या दोन्हींच्या आत खेप असेल तर इन्व्हॉइस दाखवून तोंडी घोषणा चालते. त्यावर गेलात की इलेक्ट्रॉनिक निर्यात घोषणा. ३,००० युरोपर्यंत ती थेट सीमेवरच्या कचेरीत करता येते. त्याहून मोठ्या खेपेला, म्हणजे आपल्या पॅलेटला, दोन टप्पे: आधी तुमच्या गावाजवळच्या कस्टम्स कचेरीत घोषणा आणि मंजुरी, मग सीमेवर हजेरी. आधीची मंजुरी न घेता गाडी सीमेवर नेली तर परत फिरावं लागतं. ही चूक फार जण करतात, कारण अंतर अर्ध्या तासाचंच असतं.

जर्मन कस्टम्सच्या संकेतस्थळावरून ही घोषणा स्वतः भरता येते. आयकराच्या ऑनलाइन कामासाठीचं एल्स्टर प्रमाणपत्र त्यासाठी लागतं. एजंट प्रत्येक घोषणेमागे पैसे घेतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन खेपा त्याच्याकडून करून घ्या, रकाने समजून घ्या आणि मग हातात घ्या. मंजुरी मिळाली की त्या घोषणेचा १८ अक्षरांचा एमआरएन क्रमांक आणि बारकोडचा सोबतपत्र-कागद येतो. तो ड्रायव्हरकडे हवा, तुमच्या इनबॉक्समध्ये नको.

माल बाहेर पडला की सीमेवरची कचेरी तशी नोंद करते आणि तुम्हाला ‘बाहेर गेल्याची नोंद’ असलेली पीडीएफ मिळते. करमुक्तीचा पुरावा तो हाच. ड्रायव्हर बारकोड न दाखवता सरळ निघून गेला तर ही नोंद येतच नाही, आणि करखात्याच्या लेखी तुमचा माल जर्मनीतच विकला गेला. आठवड्याभरात पीडीएफ आली नाही तर शोध सुरू करा. स्विस आयात-निर्णयाची प्रत मिळवून पर्यायी पुराव्याने नोंद करून घेता येते, पण दुकानदार सहकार्य करणारा हवा.

सीमा

मालासाठी मोठी वाट म्हणजे वाइल आम राइनचं हमरस्त्यावरचं नाकं. राइनफेल्डन आणि कॉन्स्टान्स-क्रॉयट्सलिंगनकडेही व्यापारी माल सुटतो. गावाच्या टोकाला दिसणारं प्रत्येक रिकामं नाकं तुमच्यासाठी नाही. वेळा आधी बघा, शनिवार-रविवार टाळा. स्वित्झर्लंडमध्ये रात्री १० ते पहाटे ५ आणि रविवारी अवजड ट्रक चालवायला बंदी आहे, आणि ३.५ टनांवरच्या गाडीला अंतर आणि वजनानुसार शुल्क. एका पॅलेटसाठी लहान व्हॅन बरी, ती या दोन्हींतून सुटते.

स्विस घोषणा गाडी पोचण्यापूर्वी एजंटने तयार ठेवलेली हवी. फोनवरचं क्विकझोल ॲप बघून मोहात पडू नका, ते प्रवाशांच्या खाजगी खरेदीसाठी आहे. खाजगी खरेदीला माणशी १५० फ्रँकपर्यंत व्हॅट माफ असतो. विक्रीचा माल मित्रांच्या चार पिशव्यांत वाटून नेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मित्र बदला.

पत्त्याच्याही दोन गमती आहेत. ब्युझिंगन हे जर्मन गाव चारी बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेलं आणि स्विस सीमाशुल्क क्षेत्रात आहे. पत्ता जर्मनीचा असला तरी तिथे पाठवलेला माल निर्यातच. आणि लिख्टेनस्टाइन वेगळा देश असला तरी कस्टम्ससाठी स्वित्झर्लंडबरोबर जोडलेला, तेव्हा फाडुट्सची ऑर्डर झ्युरिकसारखीच हाताळायची.

परत येणारा माल, आणि उलटी वाट

प्रदर्शनासाठी समया नेऊन न विकलेल्या परत आणायच्या असतील तर विक्रीचे कागद करूच नका. तुमच्या भागातल्या उद्योग-व्यापार मंडळाकडून एटीए कार्ने, म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या मालाचा कस्टम्सचा कागद काढा. वर्षभर चालतं, त्यावर ना शुल्क ना व्हॅट. फक्त यादीत जितकं लिहिलं तितकं परत आलं पाहिजे.

विकलेला माल दुकानदाराने परत केला तर जर्मनीत तो ‘परतीचा माल’ म्हणून तीन वर्षांच्या आत शुल्काशिवाय येऊ शकतो, तोच माल आणि त्याच अवस्थेत आहे हे दाखवता आलं तर. इथे जुना एमआरएन आणि ओळीओळीने लिहिलेलं इन्व्हॉइस कामाला येतं. स्विस बाजूला दुकानदाराने रीतसर निर्यात घोषणा करायला हवी, नाहीतर त्याचा प्रश्न तिथेच लोंबकळत राहतो.

उलट दिशेने, म्हणजे स्वित्झर्लंडच्या गोदामातून जर्मनीत, पाठवणाऱ्यांना जास्त सावध राहावं लागतं. स्विस दार औद्योगिक मालाला सताड उघडं आहे, युरोपीय संघाचं नाही. तिरुपूरचे सुती कपडे झ्युरिकला शून्य शुल्काने उतरले म्हणून ते स्विस होत नाहीत. जर्मनीत येताना तयार कपड्यांवरचा १२ टक्क्यांच्या आसपासचा संघाचा दर आणि वर १९ टक्के आयात व्हॅट त्यांची वाट बघत असतो. अशी ऑर्डर आली की आधी विचारा, माल अजून मुंबई-तुतिकोरीनमध्येच आहे का. असेल तर जर्मन गिऱ्हाइकाचा भाग वेगळ्या खोक्यात, वेगळ्या इन्व्हॉइसवर, थेट हँबुर्गला पाठवायला सांगा.